शेजाऱ्याचं झाड वादळात आपल्या घरावर पडलं तर भरपाई कोणी द्यायची?

हर्णैकर_डोंबिवली
मंडळी, जरा सविस्तर लिहितो, अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

आमचं मूळ घर दापोली तालुक्यात. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. घरी काका-काकू दोघंच, दोघंही सत्तरीच्या पुढे. शेजारच्या वाडीत गडग्याला लागून एक जुना रायवळ आंबा होता. वाडीचे मालक मुंबईला, घर कित्येक वर्षं बंद, सातबाऱ्यावर अकरा नावं आणि त्यातली काही माणसं आता हयातही नाहीत. आंबा आमच्या बाजूला कललेला, बुंध्याला एवढी ढोली की मांजरी आत व्यायच्या, आणि पावसाळा सुरू झाला की मुळाशी अळंब्या फुटायच्या. हिस्सेदारांपैकी एकजण गणपतीला येतो, त्याला काका दरवर्षी सांगायचे की एवढं झाड उतरवून टाक रे बाबा. तो म्हणायचा बघू, सगळ्यांना विचारायला लागेल.

परवाच्या वळवाच्या पावसात आंबा आडवा झाला. पडवीचे वासे, रिपा, कौलं सगळं खाली आलं आणि न्हाणीघर पूर्ण गेलं. काका-काकू माजघरात होते म्हणून वाचले. त्या हिस्सेदाराला फोन केला तर म्हणतो, वादळाने पाडलं, मी काय करू? आणि वर सांगतो की लाकडाला हात लावू नका, मी गिऱ्हाईक बघतोय. हे वाक्य काकांना फार लागलं.

तर प्रश्न असे की भरपाई मागता येते का, लाकूड कुणाचं, आणि तिसरा प्रश्न मला जास्त सतावतोय, त्याच वाडीतला एक फणस पण आमच्या स्वयंपाकघराकडे झुकलाय, त्याचं काय करायचं?

कोथरूडची_माई
आधी काका-काकू कसे आहेत ते सांगा. छपरावर ताडपत्री टाकली का? पुढचा पाऊस काही थांबणार नाहीये.
आणि हलवाहलवी करायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, विशेषतः बुंध्याची ढोली जवळून.

हर्णैकर_डोंबिवली
माई, दोघंही ठीक आहेत. वाडीतल्या पोरांनी संध्याकाळीच ताडपत्री ओढली. फोटो काढलेत, ढोलीचे पण आहेत. आतलं लाकूड हाताने कुस्करलं तर भुगा होतोय.

सातारी_बांध
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. वारा वाहिला, झाड पडलं, यात माणसाचा काय दोष? आमच्याकडे बांधावरच्या बाभळी, लिंब दर वळवाला इकडून तिकडे पडतात, ज्याच्या रानात पडलं तो फांद्या बाजूला करतो, ज्याचं झाड तो खोड घेऊन जातो, संपला विषय. उद्या तुमचा माड त्यांच्या घरावर पडला तर तुम्ही देणार का पैसे? शेजारी कोर्टात गेले की तीन पिढ्या बोलणं बंद होतं, हे मी माझ्या गावात बघितलंय.

पोफळीची_लेक
रानात फांदी पडणं आणि म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावर छप्पर पडणं एकच का हो दादा?

खवचट_पोपट
आंबे पाडायला अकरा वारस आणि झाड पडल्यावर एकही नाही, कोकणातला सातबारा असाच वाचायचा असतो.

काळाकोट
वकिली करतो. तुमचे कागद पाहिलेले नाहीत तेव्हा सर्वसाधारण सांगतो.

झाड पडलं एवढ्यावरून मालक आपोआप जबाबदार ठरत नाही. दिवाणी दाव्यात निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, म्हणजे झाड धोक्याचं होतं, मालकाला ते माहीत होतं किंवा साध्या नजरेला दिसण्यासारखं होतं, आणि तरी त्याने हातपाय हलवले नाहीत. धडधाकट झाड चक्रीवादळात मुळासकट उपटलं गेलं तर दैवी आपत्तीचा बचाव चालतो. पोकळ आणि कललेलं झाड वळवाच्या वाऱ्यात पडलं तर तो बचाव लंगडा होतो, कारण मे-जूनमध्ये कोकणात वारा सुटणार हे कुणालाही ठाऊक असतं.

आता दुसरी बाजू. राजकोटला १९७५ साली ऑफिसला चाललेल्या एका माणसावर रस्त्याकडेचं झाड पडलं आणि तो गेला. घरच्यांनी महापालिकेवर दावा केला, खाली जिंकले, पण १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने पालिकेला जबाबदार धरलं नाही. ती सार्वजनिक संस्था होती, तुमचा मामला खाजगी मालकाशी आहे, हा फरक आहेच. तरी झाड पडलं म्हणजे पैसे मिळालेच अशा भ्रमात राहू नका.

सातारी_बांध म्हणतात ते माड पडण्याचं उदाहरण घ्या. तुमचा माड निरोगी असेल तर तुम्हीही देणं लागत नाही. सोंड्याने पोखरलेला असेल, शेंडा वाळलेला असेल आणि शेजाऱ्याने लिहून कळवलेलं असेल, तर लागता. नियम दोघांना सारखाच आहे.

तुमची अडचण पुराव्याची आहे. काकांनी सगळं तोंडी सांगितलं. ते ऐकणारं कुणी तिसरं असेल तर त्याचा उपयोग होईल, पण एक साधं पत्र असतं तर आज तो माणूस फोनवर असं बोलला नसता.

लाकडाचं म्हणाल तर ते झाडाच्या मालकाचंच. तुम्ही घर मोकळं करण्यापुरतं तोडून बाजूला रचू शकता, विकू शकत नाही.

फणसाचं सविस्तर संध्याकाळी लिहितो, कोर्टात निघालोय.

ठाणेकरीण
वाचतेय. आमच्या सोसायटीत हाच वाद चालू आहे. शेजारच्या बंगल्यातला रेन ट्री आमच्या पार्किंगवर आलाय. बंगलेवाले म्हणतात फांद्या तुमच्या हद्दीत आहेत, तुम्ही छाटा. आम्ही माणूस बोलावला तर तो म्हणतो पालिकेची परवानगी दाखवा, आणि परवानगीच्या अर्जावर झाडमालकाची सही मागतात. पाऊस मात्र कुणाच्या सहीसाठी थांबत नाही.

रोपवाटिका
ठाणेकरीण, छाटलंत तर एकाच बाजूने छाटू नका, हात जोडून सांगते. शहरात झाडं पडण्याचं हे मोठं कारण आहे. रस्त्याच्या बाजूने तारांसाठी छाटतात, इमारतीच्या बाजूने उजेडासाठी छाटतात, उरलेला सगळा भार एकीकडे जातो. त्यात बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट. गटारासाठी खणताना मुळं तोडली तर वरून झाड हिरवंगार दिसतं पण धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं. पावसाने माती भिजली आणि वारा आला की मग ते जातं, आणि पेपरात छापून येतं की वादळामुळे झाड कोसळलं. दिल्लीत २०१३ मध्ये हरित लवादाने झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायचा आदेश दिला होता तो याचसाठी.

हर्णैकर, तुमच्या आंब्याच्या मुळाशी अळंब्या यायच्या म्हणालात ना, ती कूज आत पोचल्याची अगदी जुनी आणि उघड खूण आहे. त्यात भिरूड लागली असेल तर भोकातून भुसा पडलेला दिसतो. फांद्यांवर बांडगूळ होतं का?

हर्णैकर_डोंबिवली
होतं, वरच्या दोन मोठ्या फांद्या बांडगुळानेच भरलेल्या. काका म्हणतात मोहर पण त्या बाजूला धरत नव्हता.

रोपवाटिका
मग ते झाड निदान दहा वर्षं सांगत होतं.

भटक्या_७२
एवढा त्रास कशाला, घराच्या पन्नास फुटांत एकही मोठं झाड ठेवायचं नाही. आम्ही प्लॉट घेतला तेव्हाच सगळं साफ केलं.

पोफळीची_लेक
आणि उन्हाळ्यात एसी लावून बसता ना? कोकणातलं घर झाडांच्या पोटातच असतं. आमच्या आगरात पन्नास फूट मोजले तर शेजाऱ्याचं घर पण त्यात येईल.

माझं माहेर दिवेआगर. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ, दुपारची वेळ. ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा. आई सांगते, आधी पोफळी नुसत्या वाकत होत्या, जमिनीला टेकून परत उभ्या राहत होत्या, मग एकदा मोडायला लागल्या त्या थांबल्याच नाहीत. माड त्यामानाने टिकले, पण जे पडले ते गोठ्यांवर, विहिरींवर, घरांवर. संध्याकाळी बाहेर आले तर आगरातून पलीकडचा रस्ता दिसत होता, जो आईने लग्न होऊन आल्यापासून कधी घरातून पाहिला नव्हता. पोफळींवर चढवलेले मिरीचे वेल खोडांबरोबर आडवे झालेले. लॉकडाउन होता, मुंबईची पोरं येऊ शकत नव्हती, पत्रे आणि कौलं मिळत नव्हती, वीज कित्येक आठवडे नव्हती. शेजाऱ्यांचे माड आमच्यात, आमच्या पोफळी त्यांच्यात. कुणी कुणाचं काही मोजलं नाही. ज्याच्याकडे करवत तो पुढे, असं करत रस्ता मोकळा केला.

सरकारने फळबागेला हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. पण आमच्याकडे हेक्टर कुणाकडे असतात? काही गुंठ्यांचं आगर, त्यात माड, पोफळ, मिरी, जायफळ, केळी सगळं एकत्र. हेक्टरच्या हिशोबाने हातात येणारी रक्कम बघून माणसं रडली. मग नंतर झाडामागे द्यायचं ठरलं, माडाला २५० आणि पोफळीला ५० रुपये. पोफळ धरायला पाच-सहा वर्षं जातात हो.

हे सगळं लिहिलं ते यासाठी की मी सातारी_बांध यांच्याशी अर्धी सहमत आहे. निसर्गसारखं वादळ आलं तर कुणाचं झाड हा प्रश्नच विचारायचा नाही, तिथे सगळे एका बाजूला आणि वारा दुसऱ्या बाजूला. पण हर्णैकरांचा आंबा निसर्गमध्ये टिकला आणि त्यानंतर तौक्तेमध्ये पण टिकला असणार. तो साध्या वळवाने पडला, म्हणजे त्याला वाऱ्याने पाडलेलं नाही.

हर्णैकर_डोंबिवली
बरोबर, दोन्हीत टिकला होता. निसर्गमध्ये एक फांदी गेली आणि बहुतेक तिथूनच पाणी आत मुरायला लागलं.

काळाकोट
पोफळीची_लेक यांचा हा मुद्दा कोर्टात सुद्धा कामाचा आहे. मोठी वादळं सोसलेलं झाड साध्या वाऱ्यात गेलं, आजूबाजूची धड झाडं उभी आहेत, याचे फोटो काढून ठेवा.

आता फणस. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १३३ होतं, १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आलंय. एखादं झाड पडण्याच्या बेतात असेल आणि त्याने शेजारी राहणाऱ्याला किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याला इजा होऊ शकत असेल, तर ते काढायचा किंवा त्याला आधार द्यायचा आदेश दंडाधिकारी मालकाला देऊ शकतात. अर्ज प्रांत कार्यालयात करा. मालकाला हजर होऊन म्हणणं मांडायची संधी मिळते. इथे तुम्हाला नुकसान सिद्ध करायचं नाही, धोका दाखवायचाय, आणि पहिलं झाड पडल्याचा पंचनामा हा त्याचा उत्तम पुरावा.

अकरा नावांचं घाबरू नका. ज्यांचे पत्ते मिळतात त्या सगळ्यांना स्पीड पोस्टाने पोच मागवून पत्र पाठवा. जे पाकीट परत येईल ते न फोडता जपून ठेवा. एक हिस्सेदार म्हणतो बाकीच्यांना विचारायला लागेल, तर बाकीच्यांना तुम्हीच कळवलंत असं होतं आणि ती पळवाट बंद होते.

फणस स्वतः तोडू नका. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत आंबा आणि फणस दोन्ही आहेत, सोबत साग, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर वगैरे. परवानगी लागते. शहरात वेगळा कायदा आहे, १९७५ चा, तिथे वृक्ष अधिकारी असतो आणि फांद्या छाटायला सुद्धा विचारावं लागतं.

फोंडेकर
गोंयातून लिहितोय. आमच्याकडे १९८४ चा कायदा आहे, धोक्याच्या झाडासाठी लोक उपजिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करतात. अवांतर सांगायचं तर २०१६ साली त्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून माडाला वगळलं होतं, केवढा गदारोळ झाला, शेवटी २०१७ मध्ये माड परत झाड झाला आणि राज्यवृक्ष पण झाला. आमच्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग मधल्या वर्षी मी नारळ कशाचे काढले?

खवचट_पोपट
आजींना साष्टांग नमस्कार कळवा.

विमेकरी
कुणीच विम्याबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची पॉलिसी सर्वसाधारण विमा विकणाऱ्या कंपन्यांना ठेवावीच लागते. त्यात वादळ, चक्रीवादळ, पूर तर आहेच, शिवाय बाहेरची वस्तू घरावर आदळून होणारं नुकसान पण आहे आणि त्यात पडणारं झाड धरलंय. झाड तुमचं का शेजाऱ्याचं हे कंपनी तुम्हाला पैसे देताना बघत नाही. तिला वाटलं तर ती शेजाऱ्याकडून वसूल करायला जाईल, तुमचं शेजाऱ्याशी बोलणं चालू राहतं.

गाडीचं पण सांगून ठेवतो, दर पावसाळ्यात विचारणा होते. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर झाड पडून चेपलेल्या गाडीला काही मिळत नाही, स्वतःच्या नुकसानीचा भाग पॉलिसीत असायला हवा.

हर्णैकर, तुमच्या घराचा विमा नाही असं धरून चालतो. सरकारी मदतीसाठी तलाठ्याकडून पंचनामा लगेच करून घ्या, सोबत ग्रामपंचायतीचा नमुना ८, आधार, बँक पासबुक. रक्कम मोठी नसते, २०२२ ते २०२६ साठीच्या आपत्तीच्या निकषात पक्क्या घराचं किमान १५ टक्के नुकसान असेल तर ६,५०० रुपये ठरले होते. निसर्गच्या वेळी ही मदत वाढवून १५,००० केली होती पण ते त्या वादळापुरतं.

कोथरूडची_माई
६,५०० मध्ये पडवीचे वासे तरी येतील का?

विमेकरी
नाही येणार माई. पण पंचनाम्याचा कागद पैशापेक्षा मोलाचा आहे, काळाकोट म्हणाले तसं.

जर्सीकर
इथे न्यू जर्सीत २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी आलं तेव्हा शेजारणीचा भलामोठा ओक आमच्या छपरावर आला. मी पण रागाने तिच्याकडे गेलो होतो. कळलं असं की इकडे सर्वसाधारणपणे झाड जिथे पडतं त्या घराचा विमा पैसे देतो, सुरुवातीची ठरलेली रक्कम आपल्या खिशातून. अपवाद एकच, झाड मेलेलं किंवा रोगट आहे हे मालकाला आधी माहीत होतं असं दाखवता आलं तर. म्हणून इथले लोक शेजाऱ्याचं झाड वाळताना दिसलं की झाडांच्या जाणकाराकडून तपासून पत्र पाठवतात. पहिल्यांदा मला हे फार कोरडं वाटलं होतं, शेजारणीला कसलं पत्र पाठवायचं. आता वाटतं त्यात भांडण नाही, उलट बोलणं टळल्यामुळेच पुढे भांडण होतं. कायदे वेगळे असले तरी काळाकोट सांगतायत तो गाभा तोच दिसतो.

सातारी_बांध
सगळं वाचलं. माझं मत पूर्ण बदललं असं नाही पण हर्णैकरांचा शेजारी लाकडाला हात लावू नका म्हणाला ते मी पहिल्यांदा वाचताना लक्षात घेतलं नव्हतं. आमच्या बांधावरचा रिवाज असा की खोड न्यायचं असेल तर पडलेल्या रानाची मोडलेली मेर, पाइपलाइन नीट करून द्यायची. फायदा माझा आणि राडा तुझा, हे कुठल्याच गावात चालत नाही. यावर मी तुमच्या बाजूने.

पण कोर्टाच्या आधी गावात बसा. तंटामुक्ती समिती असेल, सरपंच असेल, दोन जुनी माणसं असतील. त्या हिस्सेदाराला गणपतीला त्याच वाटेने घरी यायचंय ना? चार लोकांसमोर तो फोनवरच्यासारखं बोलणार नाही. आणि समितीसमोर जे ठरेल ते लिहून घ्या, सह्या घ्या.

ठाणेकरीण
मला एक कळत नाही, म्हाताऱ्या माणसांनी दरवर्षी गयावया करायची आणि झाडाच्या मालकाने बघू म्हणायचं, यात शेजारधर्म एकाच बाजूने का पाळायचा? पत्र लिहिलं की आपण भांडकुदळ ठरतो. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी लेखी कळवू म्हटलं तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी केसच टाकतेय.

पोफळीची_लेक
+१. बंद घरांचा प्रश्न आहे खरा. मालक इथे राहत असता तर रोज सकाळी दात घासताना त्याला ती ढोली दिसली असती. कोकणातल्या अर्ध्या वाड्यांचे मालक मुंबई-पुण्यात आहेत. वर्षाकाठी आंबे न्यायला आणि गणपतीला येतात, झाडाच्या बुंध्याकडे कुणी बघत नाही. पूर्वी पाडेली चढायचा तो उतरल्यावर सांगायचा की या माडाचा शेंडा ठीक नाही, पुढच्या खेपेला मी चढणार नाही. आता पाडेलीच मिळत नाहीत.

आणि इथे शहरात राहून वाचणाऱ्या ज्यांचं गावी बंद घर आहे त्यांना माझी कळकळीची विनंती, या मे महिन्यात गेलात की आंब्याच्या पेट्या भरायच्या आधी वाडीतल्या प्रत्येक मोठ्या झाडाला एक फेरी मारा. शेजाऱ्याला विचारा कुठल्या झाडाची भीती वाटते. त्याला बरोब्बर माहीत असतं.

भटक्या_७२
म्हणजे मी म्हणतो तेच, तोडा.

रोपवाटिका
नाही हो, बघा म्हणतायत, तोडा नाही. भार हलका करता येतो, बांडगूळ काढता येतं, कापलेल्या जागी बोर्डोपेस्ट म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप लावला की बुरशी धरत नाही. कललेल्या माडाला तारेचा ताण देता येतो. दहा झाडं तपासली तर उतरवायची वेळ एखाद्यावर येते. आणि समुद्राकडची झाडांची ओळ काढून टाकलीत तर पुढचं वादळ सरळ कौलांवर येईल.
हर्णैकर, फणस नुसता झुकलाय का मुळाशी माती उचललीये? कलण्याच्या उलट बाजूला जमिनीला भेग दिसते का बघा. जन्मापासून तिरका वाढलेला फणस शंभर वर्षं तसाच उभा राहू शकतो. भेग असेल तर मात्र वाट बघू नका, त्या बाजूच्या खोलीत कुणी झोपू नये.

हर्णैकर_डोंबिवली
काल गावी जाऊन आलो. भेग आहे. बोट आत जातंय. काकू स्वयंपाक आता मागच्या पडवीत करतायत.

तलाठ्यांनी पंचनामा केला, त्यात बुंधा पोकळ आणि कुजलेला असं लिहून घेतलंय. माई, तुम्ही सांगितलेले फोटो कामी आले, कारण तोपर्यंत निम्म्या फांद्या काढून झाल्या होत्या. सातारी_बांध, तुमच्या सांगण्यावरून सरपंचांकडे बसलो. त्या हिस्सेदाराला स्पीकरवर घेतलं. सुरुवातीला तेच, वादळ, देवाची इच्छा. मग मी शांतपणे विचारलं की लाकूड तुमचं हे मान्य आहे ना? हो म्हणाला. मग ते आमच्या न्हाणीघरावरून कधी उचलताय, आणि उचलताना जे मोडलंय त्याचं काय? थोडा वेळ बोललाच नाही. शेवटी म्हणाला लाकूड तुम्हीच ठेवा, वाशांच्या कामाला घ्या. बाकी खर्चाचं भावांशी बोलून सांगतो. लाकडाचं सरपंचांनी लिहून घेतलंय, तो आल्यावर सही करेल. दावा करायचा का नाही ते काकांवर सोडलंय आणि काका नको म्हणतायत. मला स्वतःला हे पटत नाहीये पण घर त्यांचं, शेजार त्यांचा.

फणसाबाबत मात्र मी थांबणार नाही. पत्ते मिळालेल्या सगळ्या हिस्सेदारांना पत्रं गेली. प्रांतांकडे अर्ज उद्या देतोय. अर्जात नेमकं काय लिहायचं कुणी सांगेल का?

काळाकोट
लांबण लावू नका, एक पान पुरे. झाड कुठल्या गट नंबरमध्ये आहे, तुमच्या घरापासून किती फुटांवर, कुठल्या दिशेला झुकलंय, मुळाशी भेग आहे, घरात कोण राहतं आणि त्यांची वयं. त्याच वाडीतला आंबा कुठल्या तारखेला पडला आणि त्याचा पंचनामा जोडलाय. मालकांना कधी कळवलं. मागणी एकच, कलम १५२ खाली झाड उतरवण्याचा आदेश व्हावा. फोटो, सातबारा, पत्रांच्या पावत्या जोडा. शक्य असेल तर कृषी सहाय्यकाकडून किंवा वनखात्याच्या माणसाकडून झाडाच्या स्थितीबद्दल दोन ओळी लिहून घ्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.
आंब्याचं लाकूड वाशांना चिरायला गिरणीत न्यायचं असेल तर आधी वनखात्याला पंचनामा दाखवा आणि वाहतुकीचं विचारून घ्या.

रोपवाटिका
आणि रायवळ आंब्याचे वासे घालू नका, ते टिकत नाही, कीड फार लवकर धरतं. त्यात हे झाड पोखरलेलंच होतं. फळ्या, खोकी, सरपण ठीक. वाशांना ऐन किंवा किंजळ बघा.

हर्णैकर_डोंबिवली
बरं झालं सांगितलंत, सुताराला उद्याच बोलावलं होतं.

ठाणेकरीण
काळाकोट, आमच्या रेन ट्रीला पण हेच कलम चालेल का पालिकेकडेच जावं लागेल? बंगलेवाल्यांना आज लेखी दिलं, सोसायटीच्या लेटरहेडवर, पोच घेतली.

काळाकोट
आधी पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे जा, अर्जासोबत ते पत्र जोडा. मालक सही देत नाही हे अर्जात स्पष्ट लिहा आणि अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पाहणी करावी अशी मागणी करा. तिथे काही हललं नाही तर कलम १५२ आहेच, ते शहरातही लागू होतं.